संदर्भसूची दुसऱ्याकडून करून घेतली तर चालेल का?

प्रश्न : मॅडम, मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या स्त्रियांची बाजू मांडणाऱ्या पुस्तकावर शोधनिबंध लिहिला आहे, तो एका चर्चासत्राला पाठवायचा आहे. निबंध झाला, पण संदर्भसूचीत अडकले. चर्चासत्राच्या माहितीपत्रकात ‘एपीए, सातवी आवृत्ती’ असं लिहिलंय, म्हणजे संदर्भ देण्याची ती अमेरिकी शैली. आमचे सर म्हणतात, मराठीत तळटिपा द्यायच्या, तत्रैव, उ. नि. वगैरे. टायपिंग सेंटरवाला दादा म्हणतो, तू नुसती पुस्तकांची नावं दे, एका नोंदीचे दहा रुपये, सगळं एपीएत बसवून देतो. माझ्या ३४ नोंदी आहेत. त्याच्याकडून करून घेतलं तर ती फसवणूक होईल का? मैत्रिणीने मोबाइलवर एआयला विचारून मला आणखी सहा संदर्भ काढून दिले. त्यातले तीन कुठेच सापडत नाहीत, ते ठेवू का? आणि सूची मोठी झाली की प्लेजरिझमची, म्हणजे उचललेल्या मजकुराची, टक्केवारी वाढते म्हणतात, हे खरं आहे का? माझ्याकडे बारा दिवस आहेत.

उत्तर : फसवणूक होणार नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. कंस कुठे, स्वल्पविराम कुठे, ग्रंथाचं नाव तिरप्या अक्षरात की सरळ, हे काम पैसे देऊन करून घेण्यात काही गैर नाही. निबंध टाइप करून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

पण ‘नुसती नावं दे’ हे त्याचं वाक्य मला खटकलं. नावावरून तो वर्ष कुठून आणणार? प्रकाशक कुठून आणणार? तो इंटरनेटवर नाव टाकेल आणि जी आवृत्ती पहिली दिसेल तिचं साल उचलेल. कंस, टिंबं सगळं एपीएप्रमाणे चोख बसेल, पण ती नोंद तू न पाहिलेल्या पुस्तकाची असेल. तू वाचलंस एक आणि सूचीत आलं दुसरं. उद्या कुणी तू दिलेलं पान उघडलं तर तिथे तुझं वाक्य नसेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात एकतीस वर्षं मी ग्रंथपाल होते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे पीएच.डी. करणारे एक शिक्षक नेहमी यायचे. एक जुना ग्रंथ त्यांनी आमच्याच ग्रंथालयात बसून वाचला. ती प्रत पुन्हा बांधलेली होती आणि बाइंडरने शीर्षकपृष्ठ गमावलं होतं. त्यांनी काउंटरवर येऊन मला साल विचारलं. गर्दीची वेळ होती. मी कॅटलॉगचं कार्ड काढून त्यावरचं साल सांगितलं. ते कार्ड होतं दुसऱ्या प्रतीचं, नंतरच्या आवृत्तीचं. मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच ग्रंथ मागवला आणि २१२वं पान काढलं. तिथे भलताच मजकूर. त्या सद्गृहस्थांनी सगळं प्रामाणिकपणे वाचलेलं होतं, तरी अर्धा तास त्यांना आपण खोटं लिहिलेलं नाही हेच सिद्ध करत बसावं लागलं. मी दारात उभी होते आणि चूक माझी होती. त्या दिवसानंतर नुसतं कार्ड बघून मी कुणालाही साल सांगितलं नाही. कपाटापाशी जायचं, पुस्तक काढायचं, पान उघडून दाखवायचं.

म्हणून तुला सांगते, नोंद पुस्तकावरून घ्यायची आणि ती तू घ्यायचीस. त्या नोंदीला कोणत्या शैलीचा पोशाख चढवायचा ते काम दादाला दे, मैत्रिणीला दे, संगणकाला दे.

तुझ्याच पुस्तकापासून सुरुवात करू. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. नंतर ती जवळजवळ विसरली गेली होती. स. गं. मालशे यांनी ती शोधून, संपादून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केली. तू काय वाचलंस? १८८२ची मूळ प्रत तुझ्या हातात आलेली नसणार. मालशे यांची आवृत्ती असेल, किंवा त्यानंतर दुसऱ्या कुणी काढलेली. शीर्षकपृष्ठ उघड आणि ते पान उलट. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळा संसार मांडलेला असतो: प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार, पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण, किंमत. त्यातलं तुझ्या हातातल्या प्रतीचं साल घ्यायचं. पहिल्या आवृत्तीचं साल जुनं आणि भारदस्त वाटतं म्हणून मुलं तेच उचलतात, आणि पृष्ठक्रमांक मात्र नव्या प्रतीतला देतात. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे मुद्रकालाच प्रकाशक समजणं. छापखान्याचं नाव ठळक असलं की मुलं तेच लिहून मोकळी होतात. मालशे यांची आवृत्ती वाचली असशील तर एपीएप्रमाणे नोंद साधारण अशी होईल: शिंदे, ताराबाई. (१९७५). स्त्री-पुरुष तुलना (स. गं. मालशे, संपा.). मग प्रकाशकाचं नाव, आणि शेवटी कंसात, मूळ प्रकाशन १८८२. निबंधाच्या मजकुरात कंस करून (शिंदे, १८८२/१९७५) आणि पुढे पान. ती तिरकी रेघ मला फार आवडते. ताराबाईंनी कधी लिहिलं आणि तुला ते कधीच्या प्रतीतून मिळालं, हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं.

एपीएच्या मूळ नियमाप्रमाणे ताराबाईंचं नुसतं ‘ता.’ उरतं, म्हणजे आद्याक्षर. इंग्रजीत ते चालून जातं. मराठीत ‘शिंदे, ता.’ वाचून कोण बाई, कोण बुवा काही कळत नाही. शिंदे आडनावाचे लेखक तुझ्या सूचीत आणखी असतील. तुझा निबंध तर एका बाईच्या लेखनावर आहे, तिचं नाव पुसू नकोस. पूर्ण नाव दिलेलं चालेल का, एवढं संयोजकांना एका ओळीच्या ईमेलमध्ये विचार. सहसा चालतं.

आता जोतीराव फुले. ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, हा मुद्दा तुझ्या निबंधात असणारच. पण ‘सत्सार’चा मूळ अंक तू कुठे पाहिलास? समग्र वाङ्मयात वाचला असशील, तर तेच सांग. महात्मा फुले समग्र वाङ्मय पहिल्यांदा १९६९ साली निघालं, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली. पुढे य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती १९९१ची. दोन्ही ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे, नावही तेच. आमच्या कपाटात शेजारी शेजारी असायचे आणि मुलं एक वाचून दुसऱ्याची नोंद करायची. दोन्हींची पानं जुळत नाहीत. तुझ्याकडची प्रत कीर-मालशे यांची की फडके यांची, हे शीर्षकपृष्ठावर बघ आणि तसंच लिही. नुसतं ‘सत्सार, १८८५, पृ. अमुक’ असं लिहिलंस तर मूळ अंक हाताळल्याचा दावा होतो. तू तो करू इच्छित नसशील, तरी वाचणारा तोच अर्थ घेईल.

नोंद ‘फ’मध्ये जाते, ‘म’मध्ये नाही. महात्मा, डॉ., प्रा., लोकमान्य, हे सगळं सूचीबाहेर ठेवायचं. निबंधाच्या मजकुरात आदराने लिही, हवं तितक्या आदराने. सूचीत मात्र फुले, जोतीराव. संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतलंस तर तो कधी कधी क्ष आणि ज्ञ यांना क आणि ज यांच्या पोटात टाकतो, शाळेच्या तक्त्याप्रमाणे शेवटी ठेवत नाही. कुठलीही एक पद्धत पाळ, घोळ घालू नकोस. इंग्रजी ग्रंथ वेगळ्या यादीत ठेव. रोझलिंड ओहॅन्लन यांनी केलेला ‘स्त्री-पुरुष तुलना’चा इंग्रजी अनुवाद १९९४चा आहे. तो वापरला असशील तर नीट बघ: उतारा ताराबाईंचा आहे की प्रस्तावनेतला विचार ओहॅन्लन यांचा आहे. प्रस्तावनेतलं वाक्य ताराबाईंच्या तोंडी घातलेलं मी एकाहून जास्त निबंधांत पाहिलंय.

सर म्हणतात तळटिपा, संयोजक म्हणतात एपीए. इथे फार डोकं शिणवू नकोस. ज्याच्याकडे निबंध जाणार त्याचा नियम. सरांना माहितीपत्रक दाखव, ते रागावणार नाहीत. एपीएमध्ये तत्रैव हा प्रकारच नाही, लेखक-वर्ष पुन्हा लिहायचं आणि सुटायचं. पण सरांच्या पद्धतीचा प्रबंध तुला पुढे लिहावा लागेल, म्हणून तत्रैवची एक खोड आत्ताच सांगून ठेवते. तत्रैव म्हणजे ‘लगेच वरच्याच ग्रंथात’. समज, तळटीप ११ ताराबाईंची आणि १२ तत्रैव. महिन्याभराने तुला मधल्या परिच्छेदात एक वाक्य सुचतं, तू फुल्यांचा संदर्भ घालतेस, संगणक आपोआप आकडे सरकवतो. आता १२ फुल्यांची आणि १३ तत्रैव. ताराबाईंचं वाक्य फुल्यांच्या नावावर गेलं आणि कुणालाच पत्ता नाही. ‘उ. नि.’चंही तेच: वर उल्लेख आलेला ग्रंथ, पण फुल्यांचे दोन ग्रंथ वर आले असतील तर कोणता? म्हणून लिखाण चालू असेपर्यंत प्रत्येक टिपेत लेखक आणि ग्रंथाचं छोटं नाव लिहीत जा. तत्रैव हवंच असेल तर छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी कर. इंग्रजीतही शिकागो शैलीने २०१७च्या सतराव्या आवृत्तीत ‘इबिड’ला, म्हणजे इंग्रजीतल्या तत्रैवला, फाटा देऊन छोट्या नावाचाच आग्रह धरला, तो याच धर्तीवर.

एपीएच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ द्यायचं नसतं. मला हे मराठी जुन्या ग्रंथांच्या बाबतीत पटत नाही. एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक पुण्यात छापलं की मुंबईत की रत्नागिरीत, यावरून त्याचा वाचक कोण होता ते कळतं. तरीही नियम तो नियम, सूचीत देऊ नकोस. निबंधाच्या मजकुरातच एक वाक्य घाल, ‘पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं’, तिथे तुला कोणी अडवत नाही. (सालाच्या बाबतीत एक गंमतशीर उदाहरण खुद्द त्या एपीएचंच आहे. सातवी आवृत्ती बाजारात आली ऑक्टोबर २०१९मध्ये, पण तिच्यावर छापलंय २०२०. नोंदीत २०२०च जातं. छापलेलं घ्यायचं, आठवणीतलं नाही.)

जुन्या पुस्तकावर नुसता शके असेल तर ७८ मिळव, शके १८०४ म्हणजे १८८२. जानेवारी ते गुढीपाडवा या महिन्यांतलं असेल तर ७९. महिना माहीत नसेल तर शके तसाच ठेवून कंसात १८८२-८३ लिही.

स्कॅन केलेली पुस्तकं तू मोबाइलवर वाचली असणार. तिथे पडद्यावरचा आकडा आणि पानावर छापलेला आकडा वेगळे असतात, कारण मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना हे सगळं फाइल मोजत जाते. छापलेला आकडा घे. मराठी विश्वकोशातली नोंद वापरली असेल तर लेखक म्हणून ‘विश्वकोश’ असं लिहू नकोस. नोंदीच्या तळाशी जा, तिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं, आडनाव आधी आणि आद्याक्षरं नंतर. त्या माणसाने मेहनत केलेली असते.

आता दादाचं काम. त्याच्याकडे जाण्याआधी एक दिवस ग्रंथालयात घालव. प्रत्येक पुस्तक काढ आणि मोबाइलवर तीन फोटो घे: शीर्षकपृष्ठ, त्याची मागची बाजू, आणि तुझा उतारा असलेलं पान, आकड्यासकट. आकडा बोटाखाली झाकला जातो, तेवढं जप. ३४ नोंदींचे शंभरेक फोटो होतील. त्यावरून वहीत नोंदी उतरव आणि ती वही दादाला दे. त्याला स्पष्ट सांग की यातलं साल, नाव, पान बदलायचं नाही, फक्त क्रम आणि विरामचिन्हं. त्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करू नये हेही सांग, नाहीतर संयोजकांच्या संगणकावर तुझ्या सूचीचे किडेमुंगळे होतील.

३४० रुपये वाचवायचे असतील तर झोटेरो नावाची प्रणाली फुकट मिळते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या लोकांनी ती २००६ साली आणली. माहिती एकदा भरली की ती एपीए, एमएलए, शिकागो, हवी ती शैली लावून देते. मराठीसाठी दोन ठिकाणी लक्ष ठेव. नाव भरताना आडनावाचा रकाना वेगळा आहे, तो हाताने भर, नाहीतर स. गं. मालशे यांचं कधी ‘गं. मालशे, स.’ होऊन बसतं. आणि दस्तऐवजाची भाषा इंग्रजी ठेवलीस तर मराठी नोंदीच्या मधोमध ‘एडिटर’, ‘अँड’ असले शब्द रोमन लिपीत उगवतात. ते शेवटी शोधून बदल. बारा दिवसांत शिकता येईल, पण पहिल्यांदाच करणार असशील तर दादाच बरा. प्रबंधाच्या वेळी मात्र पहिल्या दिवसापासून झोटेरो वापर.

ते न सापडणारे तीन संदर्भ काढून टाक. ते सापडत नाहीत, कारण बहुधा ते कधी लिहिलेच गेले नाहीत. एआय संदर्भासारखं दिसणारं वाक्य जुळवतं: खरं वाटेल असं आडनाव, खरं वाटेल असं मासिक, अंक, पानं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असेच एआयने दिलेले खटले न तपासता न्यायालयात सादर केले. ते खटले अस्तित्वातच नव्हते आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. उरलेले तीन सापडले म्हणतेस, ते उघडून वाचलेस का? वाचले असतील आणि निबंधात कामी आले असतील तर ठेव. नुसते सापडले म्हणून ठेवू नकोस. ज्याचा मजकुरात उल्लेख नाही ते एपीएच्या सूचीत जात नाही. मैत्रिणीवर रागावू नकोस, तिने मदतच करायला घेतली होती. पुढच्या वेळी तिला म्हणावं, मासिकाचा अंक शोधायला माझ्याबरोबर ग्रंथालयात चल.

टक्केवारीची भीती सोड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश धरायचे नाहीत असं स्पष्ट आहे, आणि नीट श्रेय देऊन घेतलेले उतारेही वगळायचे आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं आहे. टक्केवारी वाढते ती संदर्भ न देता उतरवलेल्या मजकुरामुळे. संयोजकांच्या संगणकाने सूची धरूनच अहवाल काढला असेल तर सूची वगळून पुन्हा काढा अशी विनंती कर, ती सोय त्यात असते.

निबंधाच्या शेवटी दोन ओळींचा ऋणनिर्देश लिहायला जागा असते. सूचीची मांडणी दादाने केली तर तसं तिथे लिही: संदर्भसूचीची मांडणी यांनी करून दिली. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि ग्रंथालयात तुला वरच्या खणातून पुस्तकं काढून देणारा जो शिपाई असेल, त्याचं नाव विचारून घे आणि तेही लिही. एकतीस वर्षांत आमच्या शिपायाचं नाव फक्त एका मुलीने छापलं होतं. तो अंक त्याने घरी नेला, तो परत कधी कपाटात आला नाही, आणि मी तो मागितलाही नाही.